शेऱ्याचा रकाना

५ नोव्हेंबर, मंगळवार

पायाखालची जमीन सरकली, असं आपण सहज म्हणतो. काल सकाळी साडेनऊला आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याची खरोखरच सरकली. टेबल, कोळशाची इस्त्री, घड्या घातलेले कपडे आणि तो स्वतः, सगळं फरशीसकट खाली गेलं. मी भाजी घेऊन परत येत होते. आधी वाटलं, कोणीतरी वाळूची गाडी रिकामी केली. मग त्याच्या बायकोचा आवाज आला. तो अजून कानातून जात नाही.

भोक चार हात रुंद, तीस फूट खोल, तळाशी पाणी. दोन तासांनी दोर लावून त्याला वर काढला. जिवंत आहे. कंबर मोडली आहे आणि बोलत नाही, नुसता बघतो.

मी घरी आले, धाकट्या बहिणीला चहा दिला, मग मोरीचं दार लावून दहा मिनिटं उभी राहिले. तिला कळू दिलं नाही. खुब्याचं हाड मोडून ती दोन महिने मागच्या खोलीत पलंगावर पडून आहे. तिला आणखी कशाला घाबरवायचं?

नोकरीत असताना मी दैनंदिनी ठेवत असे. निवृत्तीनंतर बंद केली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

नगरपालिकेचा अभियंता येऊन गेला. तरुण आहे, पण ऐकून घेतो. भोक म्हणजे जुनी विहीर आहे. कोणीतरी तिच्या तोंडावर लाकडी तुळया टाकल्या, वर माती, वर फरशी. तुळया कुजल्या.

मी विचारलं, अशी एकच असेल कशावरून? तो म्हणाला, "मॅडम, तीच तर भीती आहे." त्याच्याकडचा सर्वांत जुना नकाशा चाळीस वर्षांपूर्वीचा. त्यात आमची गल्ली आजच्यासारखीच सरळ, पंचवीस घरांची, एकाच रांगेत. एक टोक मोठ्या रस्त्याला, दुसरं कालव्याच्या भिंतीला टेकलेलं. इस्त्रीवाला बरोबर मधोमध, तेरावा. आम्ही दोघी भिंतीकडून चौथ्या. विहीर कुठेच नाही.

जमिनीत भोक पाडून पाहायचं यंत्र शहरात एकच आहे आणि सगळ्यांना हवं आहे. सरसकट पंचवीस घरांत लावता येणार नाही. कुठे लावायचं ते सांगा, म्हणाला. मी तीस वर्षं भूमापन कार्यालयाच्या नकाशा विभागात काढली. कॉलेजात भूगोल घेतला तेव्हा वर्गात मुली दोनच, त्यातली मी एक. हे काम माझंच आहे. सांगते म्हटलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस अभिलेखागारात बसून आहे. तिथला अधिकारी पूर्वी माझ्याच हाताखाली कारकून होता. दिवसभर जुन्या कागदांत तोंड खुपसून बसतो म्हणून सगळे त्याला वाळवी म्हणतात. त्यालाही ते आवडतं.

वाळवीने नव्वद वर्षांपूर्वीचा नकाशा काढून दिला. आमच्या गल्लीच्या जागी तेव्हा 'रंगाऱ्यांचे आवार' होतं. कापड रंगवणाऱ्यांची वस्ती, पंचवीस घरं, पुढे वाळवणाचं मोठं अंगण. पुढे साथ आली आणि आवार ओस पडलं. नंतरच्या लोकांनी जुन्या जोत्यांवरच भिंती उचलल्या, म्हणून पंचवीसची पंचवीस राहिली. अंगणाचा रस्ता झाला. नाव गेलं, माणसं गेली, विहिरी तेवढ्या खाली राहिल्या. नकाशावर त्या दाखवलेल्या असणार, पण नेमका तिथे कागद कसरीने खाल्ला आहे.

मग त्याच सालच्या खानेसुमारीची वही काढली. प्रत्येक घराची ओळ: क्रमांक, माणसं, धंदा, विहीर आहे की नाही, आणि शेवटी शेरा. वही इतकी जीर्ण की फोटो काढायची परवानगी नाही, हाताने उतरवायचं. मी पहिले चार रकाने उतरवले. वाळवी म्हणाला, "मॅडम, शेरेसुद्धा वाचा, मजेशीर आहेत." मी त्याला आठवण करून दिली: शेऱ्यात माणसं गप्पा मारतात, आकडे रकान्यात असतात. तीस वर्षांपूर्वी मीच त्याला हे शिकवलं होतं.

विहिरी दोन. घर क्रमांक चार आणि घर क्रमांक तेरा. इस्त्रीवाला तेरावा. ताळा जुळला. आमच्या कार्यालयात प्रत्येक यादी रस्त्याकडून सुरू होई, त्याप्रमाणे मोजलं. चौथं घर शिवणवालीचं.

ताळा जुळला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती रोज त्या जमिनीवर दोन मशीनं चालवते.

९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळीच शिवणवालीकडे गेले. सांगायचं ते उभ्या उभ्या सांगितलं: घर आजच्या आज रिकामं करा. घरात ती आणि तिची सासू, सासूला दिसत नाही. शिवणवालीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मग बोलली.

"बाई, माझ्या घरात काही हललेलं नाही. एक तडा दाखवा, मी लगेच निघते."

"इस्त्रीवाल्याकडेही तडा नव्हता."

संध्याकाळपर्यंत दोघींना शाळेच्या रिकाम्या वर्गात हलवलं. म्हातारीला त्या घरातली प्रत्येक वस्तू हाताला पाठ आहे. नव्या जागी तिला पाणीसुद्धा सापडेना. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि तीस फूट वेगळं.

धाकटीला सगळं सांगितलं, कारण गल्लीत तिला बातम्या पुरवणारे पुष्कळ आहेत. म्हणाली, "ताई, तू आता जमिनीचीही कानउघाडणी करणार?"

११ नोव्हेंबर, सोमवार

मागच्या खोलीचं दार अडकतं. सहा महिन्यांपूर्वी सुताराने नवीन बसवलं, आणि आता खांद्याने रेटल्याशिवाय उघडत नाही. त्याला बोलावून चांगलं सुनावलं. तो म्हणे, "बाई, दार बरोबर आहे, चौकट हललीय. ओळंबा लावून दाखवतो." नाचता येईना, अंगण वाकडं. मी ओळंबा पिशवीतून काढूच दिला नाही, खालून रंधा मारायला लावला. गुपचूप रंधून गेला. हा सुतार आमच्याच गल्लीतला, रस्त्याकडून नववा. माणूस वाईट नाही, पण कामात हयगय.

लंबकाचं घड्याळही बंद पडतं. बाबांचं आहे, ते गेल्यावरसुद्धा कधी थांबलं नव्हतं. सरळ केलं की दोन दिवस चालतं, मग पुन्हा थांबतं. म्हातारं झालं, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्र अजून आलेलं नाही. मंगळवारी येईल, म्हणतात.

मी घाबरलेली आहे. इथे खोटं लिहून काय उपयोग? गल्लीत चालताना टाच टेकवत नाही. भिंतीच्या कडेने जाते, जणू कडेची जमीन जास्त प्रामाणिक असते. कोणी बादली जोरात ठेवली की जागच्या जागी थांबते. काल शिवणवालीच्या रिकाम्या घरात जाऊन काठीने सगळी फरशी वाजवून पाहिली. आवाज भरीव की पोकळ, ते मला खरं तर कळलं नाही. पोकळ, असं ठरवून बाहेर आले.

इस्त्रीवाल्याला भेटायला गेले होते. त्याने माझा हात धरला आणि सोडेना. बायको म्हणाली, पलंगावरून पाय खाली टेकवायला तयार नाहीत. फरशी दिसली की डोळे मिटतात.

१७ नोव्हेंबर, रविवार

धाकटी म्हणते, पलंगाखालून आवाज येतो. कसला, विचारलं. "कोणीतरी गुळणी केल्यासारखा. खुळखुळ, खुळखुळ, मग गप्प." शेजाऱ्यांचा नळ असेल. औषधाचा परिणाम. डॉक्टरांना सांगून वेदनेची गोळी कमी करायला हवी.

सकाळी दूध सांडलं. पुसायला फडकं आणेपर्यंत सगळं पलंगाखाली गेलं होतं. गुडघे टेकून पुसावं लागलं. या वयात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

यंत्र आलं. शिवणवालीच्या घरात सात ठिकाणी भोकं पाडली, चाळीस फुटांपर्यंत. सगळीकडे टणक मुरूम. अभियंता दरवेळी माझ्याकडे बघे आणि मी पुढची जागा दाखवी. सातव्या वेळी तो बघेनासा झाला.

बाहेर अर्धी गल्ली जमली होती. कोणीतरी म्हणालं की बाईंनी डोंगर पोखरला, उंदीरसुद्धा निघाला नाही. हसले सगळे. घाबरलेली माणसं मोठ्याने हसतात. सुतार तेवढा हसला नाही.

शिवणवाली फुटकी फरशी बघत उभी होती. चढ्या आवाजात बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "सासूबाई दहा दिवसांत शाळेत दोनदा पडल्या. तुम्ही आल्या होत्या का बघायला?"

गेले नव्हते. यादीत ते काम नव्हतं.

अभियंता म्हणाला, यंत्र शुक्रवारपर्यंत इथे आहे, त्यानंतर दुसरीकडे जाईल. मला दोन दिवस मिळाले. ते चार नंबरचं घर कुठेतरी आहे. विहीर चालत जात नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

माझं टिपण पाच वेळा तपासलं. चार, तेरा. चार, तेरा. तेरा बरोबर आहे, मग चार चूक कसं? उतरवताना चूक झाली असेल. उद्या वही पुन्हा पाहणार.

शिवणवाली सासूला घेऊन घरी परतली.

घड्याळ पुन्हा थांबलं, पावणेआठला. आज मी ते सरळ केलं नाही. का, ते सांगता येत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हे मी शिवणवालीच्या घरी बसून लिहिते आहे. क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

सकाळी धाकटीची पाण्याची बाटली, गोळ्या आणि फोन पलंगाशी ठेवून अभिलेखागारात गेले. वाळवीला म्हटलं, तू वहीतून मोठ्याने वाच, मी माझ्या टिपणावर खुणा करते. त्याने वही उघडली. "घर क्रमांक एक. माणसं पाच. धंदा शिक्षक. विहीर नाही." आणि मग, सवयीने, पुढचंही वाचलं. "शेरा: हे माझेच घर. मोजणी येथून सुरू. पाठीमागे कालव्याची भिंत."

त्याला थांबवायला मी हात वर केला होता. तो तसाच वर राहिला.

मोजणारा आवारातला शिक्षक होता. त्याने स्वतःच्या दारातून सुरुवात केली, भिंतीकडून. आमच्या कार्यालयाचे नियम त्याच्या मोजणीनंतर कितीतरी वर्षांनी झाले. वाळवीने पानं उलटून शेवटची ओळ काढली: "घर पंचवीस. शेरा: पुढे मोठा रस्ता. काम संपले." तेरावं घर दोन्हीकडून तेरावंच. म्हणून तर ताळा जुळला.

चौथं घर भिंतीकडून. दाराची चौकट. दूध. घड्याळ. गुळणी. हे सगळं एकदम आठवलं असं नाही. एकेक आठवलं, आणि प्रत्येक वेळी खुर्ची खाली गेल्यासारखं वाटलं.

धाकटीला फोन लावला. लगेच उचलला. मी म्हटलं, हलू नकोस. कुशीवरही वळू नकोस.

"हलते कसली, ताई? दोन महिने झाले." मग म्हणाली, "ऐक ना, आज गुळणी नाही. आज कोणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज येतोय."

मला तिला काहीतरी सांगायचं होतं, धीराचं. फोन ठेवू नकोस म्हटलं आणि वाळवीचा फोन ओढून घेतला. गल्लीतला एकच नंबर मला पाठ होता; झंपर शिवायला टाकला की मीच तगादे लावत असे. शिवणवालीने उचलला. मी म्हणाले, "माझं चुकलं. विहीर आमच्या घराखाली आहे. धाकटीला उठता येत नाही."

पलीकडे मशीन थांबलं.

"कुलूप आहे?"

"नाही. पण मागच्या खोलीचं दार अडकतं."

"सुताराला घेऊन जाते."

एवढंच. मला ऐकवण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. त्यातलं तिने काहीही ऐकवलं नाही.

बसला चाळीस मिनिटं लागली. पुढचं मला धाकटीने सांगितलं. दार मुळीच उघडेना, तेव्हा सुताराने पहारीने चौकटच उपटली. मग त्याने शिवणवालीला उंबरठ्याबाहेर थांबवलं; दोघांचा भार नको म्हणाला. दाराची फळी फरशीवर आडवी टाकली, तिच्यावर पोट टेकून सरपटत पलंगापर्यंत गेला, धाकटीला चादरीसकट फळीवर ओढून घेतलं. बाहेरून शिवणवालीने आणि आणखी दोघींनी फळीला कापडाचा पट्टा बांधून ती खेचली. सुतार सगळ्यांत शेवटी निघाला. फरशी हाताखाली गरम भाकरीसारखी लवत होती, म्हणाला.

मी पोचले तेव्हा धाकटी शिवणवालीच्या पलंगावर होती. चेहरा पांढरा, खुब्याला कळा, आणि तोंड चालू. "ताई, दारावर बसून दाराबाहेर पडलेली गल्लीतली पहिलीच मी."

मला हसायला आलं नाही. मी तिचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, कोण रडतंय? शिवणवाली म्हणाली, कोणी नाही, तुम्ही झोपा.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्या घरात यंत्र न्यायची गरजच पडली नाही. अभियंत्याने खिडकीतून लांब सळई फरशीच्या फटीत सोडली. दोन फुटांवर ती त्याच्या हातातून सुटली. क्षणभराने खालून पाण्याचा आवाज आला.

यंत्र आज सुताराच्या घरी लावलं. काल वाळवीने उरलेले सगळे शेरे उतरवून पाठवले. चौथ्या घरापुढे लिहिलंय: "विहिरीवर बायका भांडत होत्या, माणसांचा आकडा दोनदा विचारावा लागला." आणि सतराव्या घरापुढे, विहिरीच्या रकान्यात 'नाही' असताना: "पूर्वी होती. मूल पडल्यावर तोंड झाकले असे सांगतात." भिंतीकडून सतरावं म्हणजे रस्त्याकडून नववं. मी बरोबर टोकाकडून मोजलं असतं, तरी ही तिसरी विहीर मला सापडली नसती.

सुताराकडे बारा फुटांवर पोकळी लागली. त्याने मुलांना मेहुण्याकडे पाठवलं आहे. मीच म्हटलं, तुमचा ओळंबा बघायला हवा होता. तो म्हणाला, "बाई, बघितला असता तरी तुम्ही दोरीलाच वाकडं म्हटलं असतं."

२३ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी तीनला आमची मागची खोली गेली. पलंग, गाद्या, बाबांचं घड्याळ. आवाज मोठा नव्हता. मी गल्लीत उभी होते आणि माझ्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं संपलं, असं गल्लीत म्हणतात. मला तसं वाटत नाही. तिसरी विहीर शेऱ्यात लिहिली होती. चौथी एखादी असेल, जिच्याबद्दल त्या दिवशी त्या शिक्षकाला कोणी बोललंच नसेल. अभियंत्याचं यंत्र दुसरीकडे गेलं.

आज सकाळी नवी वही घेतली आणि घरोघर फिरले. भिंतीकडून सुरुवात केली. दार अडकतं का? तवा कलतो का? काही ऐकू येतं का? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. वेळ लागतो. माणसं मुद्द्यावर येत नाहीत. सुनेची तक्रार, गुडघा, नळ. मी मध्येच तोडत नाही. काहींनी दार उघडलं नाही, त्यांच्याकडे उद्या पुन्हा जाईन. अकराव्या घरातली बाई म्हणाली, रांगोळीचा डबा आपोआप सरकतो. लिहिलं.

शिवणवालीच्या घरी परतले. सासूबाईंना आता मी हात धरून नळापर्यंत नेते. अजून त्या माझा हात ओळखत नाहीत, कोण, म्हणून विचारतात. धाकटीने वही मागितली, चाळली, आणि म्हणाली, "माझं राहिलं. लिही. गुळणीचा आवाज. तारीख पण टाक, रविवार होता."

तारीख बघायला ही दैनंदिनी उघडली. सतरा नोव्हेंबर. तिचे शब्द होते, जसेच्या तसे. मीच लिहिले होते. आणि त्यांच्यापुढे, माझ्याच सरळ, वळणदार अक्षरात: औषधाचा परिणाम.

ते दोन शब्द मी खोडणार होते. खोडले नाहीत. समोर आजची तारीख घातली आणि शेरा लिहिला: बहीण खरं सांगत होती.